वद्दुसाहेब आणि माझी अठरा कोकरं

मूठभर कोंबडखत नाकाशी धरून डोळे मिटणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दुकानात बाया तांदूळ हुंगून बघतात, तसा तो हुंगायचा. मग डोळे उघडून समोरच्या बाईच्या नाकाशी तीच मूठ न्यायचा. "घे वास. आंबूस-गोड आला तर घाल करडाला. नाकाला झोंबला तर वद्दु." बाई पदर तोंडाला लावून मागे सरायची, की हा एक पाऊल पुढे. वास घेतल्याशिवाय त्यानं कुणाला सोडलं नाही. सरपंचाच्या आईलासुद्धा नाही, आणि ती बिचारी नुसती रस्त्यानं चालली होती.

हा आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. देगलूरकडचा माणूस, घरात तेलुगू. 'वद्दु' म्हणजे नको. बाकी मराठी बरी बोलायचा, पण नाही म्हणायची वेळ आली की तोंडातून तेलुगूच निघायचं, आणि नाही म्हणायची वेळ त्याला दिवसातून पन्नासदा यायची. तुम्ही गाईचं दुखणं सांगायला तोंड उघडायच्या आत त्याचं वद्दु तयार. म्हणून तोंडावर वद्दुसाहेब आणि पाठीमागं नुसता वद्दु. मी पाठीमागचंच नाव वापरणार आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलायची पद्धत आहे, ते मला ठाऊक आहे. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं. मला तो आवडत नव्हता आणि आता मेला म्हणून आवडायला लागला, असं काही झालेलं नाही.

माझं काय अडलं होतं ते आधी सांगते. भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. सासरे गेले, आणि त्यांच्यासोबत दगडी भिंतीखाली आमची सगळी मेंढरं गेली. नवं गाव बांधून मिळालं ते सरळ रेघांत. सिमेंटची घरं, घरांवर नंबर, रुंद रस्ते. मेंढरं कुठं कोंडायची, हे नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेंढरं नाहीत म्हणून माझे मालक लातूरला गेले. तेव्हा लातुरात क्लासचं वेड नुकतंच भरात आलं होतं. कुठकुठल्या जिल्ह्यांतली पोरं डॉक्टर-इंजिनेर व्हायला यायची, एकेका खोलीत चार-चार राहायची आणि मेसमध्ये जेवायची. तसल्या एका मेसमध्ये मालक वरण ढवळायला लागले. सात पिढ्यांचा धनगर, आणि पातेल्यासमोर. महिन्यातून एकदा घरी यायचे, तर अंगाला मेंढराचा नाही, फोडणीचा वास.

मग एका संस्थेनं भूकंपातल्या कुटुंबांना जनावरं दिली. मला अठरा कोकरं मिळाली, सगळ्या माद्या. मालकांनी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुभद्रे, ह्या अठरा मोठ्या झाल्या, व्यायल्या, की मी पातेलं ठेवतो अन् येतो." एवढंच होतं. कोकरं जगली तर नवरा घरी.

पण चारणार काय? रान लांब पडलं, पेंड परवडेना. तेव्हा वद्दुनं ते कोंबडखत आणलं. लातूरच्या रस्त्याला कोंबड्यांची शेडं एकामागून एक उभी राहत होती, कारण क्लासच्या पोरांना रोज अंडं लागायचं आणि रविवारी रस्सा. शेडातलं खत, म्हणजे भुसा, सांडलेलं खाद्य आणि कोंबड्यांची घाण, शेडवाले रस्त्याकडेला ढीग लावून टाकायचे. वद्दु ट्रॉलीतून ते गावात घेऊन आला आणि म्हणाला, दूध तुटलेल्या करडांना हे चारायचं. गाव आधी हसलं, मग थुंकलं. आम्ही भूकंपातून वाचलो म्हणून आता कोंबडीची घाण चारायची का, असं कुणीतरी म्हणालं. वद्दु म्हणाला, "तुला कोण चारून राहिलंय? करडाला हाय."

आणि करून दाखवलं, हे कबूल करते. खत उन्हात घालायचं, चाळायचं, पिसं, खिळे, फुटक्या बल्बच्या काचा हातानं वेचायच्या. त्यावर उसाच्या मळीचं पाणी शिंपडायचं, खड्ड्यात दाबून भरायचं, वर प्लास्टिक आणि दगड. तीन आठवडे उपसायचं नाही. आतल्या आत ते असं तापतं की रोगाचे जंतू मरून जातात. मग ज्वारीच्या भरड्यात थोडं थोडं मिसळून घालायचं. पाचव्या दिवशी तो दारोदार यायचा, प्लास्टिक वर करायचा आणि बाईला म्हणायचा, "घाल हात." कोपरापर्यंत हात घालायला लावायचा. "पोळलं का? मग ठीक हाय. न्हाई पोळलं तर पुन्हा दाब." गावातल्या बायांच्या उजव्या हाताला त्या वर्षी एक वास होता, तो भाकरीलाही लागायचा.

कुणाच्या घरी चहा घेत नसे. आधी वाटलं, जातीचं काहीतरी असेल. एकदा मी तोंडावर विचारलं, तर म्हणाला, "चहा घेतला की माणसाला बरं बोलावं लागतं." कपबशी माझ्या हातात तशीच. चार शब्द गोड बोलायला काय पैसे पडत होते त्याला, मला आजवर कळलं नाही. बरं बोलायला ह्या माणसाला जड जायचं आणि वाईट बोलायला कधी दम लागायचा नाही.

माझ्या चार शेळ्या होत्या, त्यांची सहा करडं. त्यांच्यासाठी मी पहिला खड्डा भरला. एकविसाव्या दिवसाची वाट बघवेना, म्हणून पंधराव्या दिवशीच उघडला. वद्दु नेमका आला. वास घेतला. फावडं घेतलं आणि सगळा खड्डा रस्त्यावर उपसून टाकला, बायाबापड्यांच्या देखत. म्हणाला, "हिला आकडे येतात. गावाचे अर्ज लिहिते. पण पंधरा अन् एकवीस हिला सारखेच." खरं होतं, दहावी झालेली गावात मी एकटीच बाई होते आणि गावातले सगळे अर्ज मीच लिहायची. म्हणून तर ते जास्त लागलं. दोन दिवस मी नळावर गेले नाही. मग दुसरा खड्डा भरला आणि एकवीस दिवस मोजले.

गावाचा राग मात्र वेगळ्या गोष्टीवरून सुरू झाला. करडं खरंच भरली होती, अंगावर तकाकी आली होती. बकरी ईदच्या आधी उदगीरचे एक बकऱ्यांचे व्यापारी आले. म्हातारे, पांढरी दाढी, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचा खूश. सौदे ठरत आले, तेवढ्यात वद्दु सायकलवरून उतरला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "चाचा, ही कोंबडखतावर पोसलेली हायत." चाचांनी हातातली दोरी सोडली. थोडा विचार करून म्हणाले, "घाण खाल्लेलं जनावर कुर्बानीला लगेच चालत नाही, बाबा. दस-बारा दिन बांधून साफ चारा द्या. मी परत येतो." वद्दु म्हणाला, "मी पण तेच सांगून राहिलो होतो. विकायच्या आधी पंधरा दिवस बंद. कुणी ऐकलं न्हाई." चाचा परत आले आणि बकरे घेऊनही गेले. पण गावानं ते मनात धरलं. आपला माणूस असून आपलं झाकत नाही, म्हणजे काय?

आता कोकरांचं. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, "शेळीच्या करडाला हाव. मेंढीच्या कोकराला वद्दु."

"कामून?" मी विचारलं.

"वद्दु म्हंजे वद्दु."

एवढंच. तुम्हीच सांगा, हे काय सांगणं झालं? आमच्या धनगरांत करडं आणि कोकरं कधी वेगळी कोंडलेली मी बघितली नाहीत. मोठी जनावरं रानात गेली की मागं राहिलेली सगळी पिल्लं एका वाघुरीत, म्हणजे एका जाळीत. एका घमेल्यात तोंड घालतात, एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपतात. वद्दुनं येऊन स्वतः मधे काट्याची कुंपणी घातली. तो गेला की दोन्हीकडून ओरडा सुरू. कुंपणीच्या अलीकडं सहा करडं फुगून चाललेली, पलीकडं माझी अठरा कोकरं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मी तीन दिवस बघितलं. मला वाटलं, हा मुद्दाम करतो. पंधरा अन् एकवीसचा राग काढतो. मेंढरं पोसली तर धनगर पुन्हा उभे राहतील, ते ह्याला बघवत नसेल. काय काय वाटलं. चौथ्या दिवशी मी कुंपणी काढून चुलीत घातली.

आणि कोकरं काय सुधारली म्हणता! दोन महिन्यांत ओळखू येईनात. मालक आले, तर दारातच उभे राहिले. एकीला उचलून खांद्यावर घेतली, त्यांचा बाप घ्यायचा तशी. त्या दिवशी त्यांनी मेसच्या मालकाला सांगायचं ठरवलं, की दिवाळीनंतर दुसरा माणूस बघा.

वद्दु आला की कुंपणी नसल्याचं त्याला दिसणारच, म्हणून मी कोकरं शेजारच्या रिकाम्या घरात बांधायला लागले होते. एकदा तो तिथंही येऊन उभा राहिला. एका कोकराची पापणी खाली ओढून बघितली, पाठीवर बोटं दाबली.

"काय चारून राहिली?"

"हुलग्याचा भरडा. बाभळीच्या शेंगा."

"खत न्हाई?"

"न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी न विचारताच म्हणाले, "बिरोबाची आण." बिरोबा आमचं दैवत. त्याची आण मी त्याआधी कधी घेतली नव्हती. वद्दुनं पापणी सोडली आणि म्हणाला, "मग लई चांगली पोसलीस." त्याच्या तोंडून कुणाबद्दलही चांगलं मी तेवढं एकदाच ऐकलं. चुकीच्या जागी बोलला, त्याला मी काय करू?

पहिली कातरण केली त्याच्या तिसऱ्या दिवशी एक कोकरू उठेना. मुतलं ते लाल, काळपट लाल. मी पळत दवाखान्यात गेले. वद्दु धावत आला, सायकल घ्यायचं त्याला सुचलं नाही. कोकराचे डोळे हळदीसारखे झाले होते. त्यानं मला विचारलं, आणि ह्या वेळी आवाज चढवून नाही, अगदी हळू विचारलं, "बाई, खत खाल्लं का ह्यांनी?"

मी म्हणाले, "न्हाई."

तेव्हा हो म्हणाले असते तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही. पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून गोचीडतापाची सुई दिली. दुसऱ्या दिवशी चार गेली. त्यानं पुन्हा गोचीडतापाचीच दिली. तिसऱ्या दिवशी सात. मग त्यानं माझ्या अंगणात एक मेलेलं कोकरू फाडलं. आतलं काळीज, म्हणजे यकृत, पिवळं पडलं होतं आणि गुरदे काळे, तव्याच्या बुडासारखे. तो उकिडवा बसला होता, तसाच बसून राहिला. मग काळा गुरदा तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला, जसा तो खत धरायचा.

"कोंबडीच्या खाद्यात मोरचूद टाकतात, तांब्याचा निळा क्षार," तो म्हणाला. "बुरशी लागू नये म्हणून. ते खतात उतरतं. शेळी पचवते. मेंढीच्या काळजात ते साठून राहतं, महिना, दोन महिने, वरून कळत न्हाई. मग एक दिवस अंगाला ताण पडला, कातरण झाली, उपास पडला, की सगळं एकदम रक्तात उतरतं." एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "आणेवर खोटं बोललीस."

मी म्हणाले, "हे आधी सांगायला तोंड नव्हतं का?"

त्यानं गुरदा पुन्हा कोकराच्या पोटात ठेवला. आठवडाभरात अठराही गेली. सहा करडं वाघुरीत उड्या मारत होती, त्यांना काही म्हणता काही झालं नाही. ती मला बघवेनात. मी ती बहिणीकडं पाठवून दिली.

गावाला हे पुरेसं होतं. चाचांसमोर केलेली शोभा, रस्त्यावर उपसलेले खड्डे, नाकाशी धरलेल्या मुठी, सगळं वर आलं. तक्रार करायची ठरली आणि अर्ज नेहमीप्रमाणं माझ्याकडं आला. मी लिहिला. चांगल्या अक्षरात लिहिला. 'सदर डॉक्टरांनी लहान जनावरांस कोंबडखत चारण्यास सांगितल्यामुळे' असं वाक्य मी लिहिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कोकरं आणि करडं असं वेगळं मात्र मी लिहिलं नाही.

लातूरहून साहेब आले. समाजमंदिरात सगळं गाव बसलं होतं, मालकही मेसमधून आले होते, भिंतीला टेकून उभे. साहेबांनी वद्दुला विचारलं, मेंढ्यांना चारू नका, हे तुम्ही ह्या बाईंना सांगितलं होतं का?

"वद्दु म्हणालो होतो."

"कारण सांगितलं होतं?"

"न्हाई."

"का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, मी म्हणलं म्हंजे झालं."

मग साहेब माझ्याकडं वळले. "बाई, ह्यांनी तुम्हाला मनाई केली होती का?" माझ्या समोर भिंतीला टेकलेले मालक होते. हो म्हणाले, तर कोकरं मी मारली. संस्था चूक करणाऱ्याला पुन्हा जनावरं देत नव्हती. पुन्हा जनावरं नाहीत, तर मालक जन्मभर पातेल्यापाशी. मी म्हणाले, "आठवत न्हाई."

वद्दुला आणेचं सांगता आलं असतं. गोचीडतापाच्या सुया का दिल्या, हेही सांगता आलं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांच्या वहीकडं बोट करून म्हणाला, "लिहा. आठवत न्हाई." आणि बसला. मला तेव्हा त्याचा इतका संताप आला, म्हणून सांगू. भांडला असता, मला खोटारडी म्हणाला असता, तर मी चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. तेवढंही त्यानं मला करू दिलं नाही.

त्याची हदगावला बदली झाली. खड्डे बुजवायचा हुकूम आला. त्या उन्हाळ्यात गावातली करडं पुन्हा वाळली, आणि ज्या बायांनी तक्रारीवर अंगठे उठवले होते त्यांनीच दोन-तीन शेळ्या विकल्या.

जायच्या दिवशी तो माझ्या दारात आला. मी म्हणाले, "चहा ठेवू का?" त्यानं मान हलवली आणि खिशातून एक कागद काढला. मोठ्या अक्षरात लिहिलेला. मेंढीला कोंबडखत का चालत नाही, मोरचूद काय असतो, काळजात किती दिवस साठतो, डोळे कधी पिवळे होतात. देगलूरकडच्या माणसाचं शुद्धलेखन, पण सगळं होतं. "आता कारण लिहून दिलंय," म्हणाला. "दुसरी कोकरं येतील तेव्हा वाच. आता आठवंल." आणि स्टँडकडं चालायला लागला. असा माणूस. जाता जाता टोचल्याशिवाय गेला नाही.

संस्थेनं दुसरी कोकरं दिली. मालक पातेलं ठेवून आले. आज आमची दीडशेवर मेंढरं आहेत, त्यांच्यावर दोन पोरांची लग्नं झाली. कुणी धनगर बाई विचारायला आली की मी तिला मोरचुदाचं सगळं समजावून सांगते, नुसतं नको म्हणत नाही. तिला विचारते, कळलं का, उलटून सांग. बाया म्हणतात, तुमच्यासारखं कुणी समजावत नाही.

मालकांना मात्र तो माणूस विसरता आला नाही. मेंढरू आजारी पडलं, की वद्दुचा उद्धार. पाव्हणे आले, की त्यांना भूकंपाची गोष्ट आणि मग वद्दुची. "भूकंपानं नेली ती देवानं नेली. पण ही अठरा त्या माणसानं मारली." मग माझ्याकडं बघतात. मी म्हणते, "हाव." पंचवीस-सव्वीस वर्षं मी हाव म्हणत आले.

मागल्या महिन्यात देगलूरकडून आलेल्या एका कंडक्टरनं सांगितलं, वद्दुसाहेब वारले. मालक अंगणात एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते, मी तिचे पाय धरले होते. "बरं झालं," मालक म्हणाले. "आपले अठरा जीव खाल्ले त्यानं. सुखानं मेला नसंल." काटा निघाला, तो त्यांनी भिंतीपलीकडं टाकला आणि माझ्याकडं बघितलं.

मी हाव म्हणाले.

मालक सातवी शिकलेत. छापलेलं काही हाती आलं की ओळीखाली बोट धरून सावकाश वाचतात, एक अक्षर सोडत नाहीत. हे छापून आलं, की हेही वाचतील.